वाचकांचे प्रश्न : वृषणे काढली, तरी ओढ का राहिली?

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या कुत्र्याचे गेल्या दिवाळीनंतर खच्चीकरण करून घेतले. तरीही तळजाईच्या टेकडीवर फिरायला नेले असता माजावर आलेल्या कुत्रीच्या वासाने तो बेभान होतो आणि तिच्यावर चढण्याचा प्रयत्न करतो. शस्त्रक्रिया अपुरी राहिली असेल का? वृषणेच नसतील, तर ही ओढ येते कोठून?
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : एखादे वृषण जन्मापासून पोटातच राहून गेले असेल, तरच शस्त्रक्रिया अपुरी राहिल्याचा संशय घ्यावा, पशुवैद्यकांना रक्ततपासणीवरून त्याचा उलगडा करता येतो. एरवी वृषणे काढल्यावर रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक (हार्मोन) झपाट्याने उतरते, वर्तन मात्र त्या वेगाने बदलत नाही.

वृषण म्हणजेच कामेच्छा, हे समीकरण जुने आहे. जर्मनीतील आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी १८४९ साली कोंबड्यांची वृषणे काढून काहींच्या पोटात ती पुन्हा बसवली, तेव्हा त्या कोंबड्यांचा तुरा, आरवणे, झुंजणे आणि माद्यांमागे धावणे हे सारे टिकून राहिले. नसा तुटलेल्या असूनही परिणाम झाला, म्हणजे काहीतरी रक्तावाटे जात असले पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष अचूक होता. परंतु ते ‘काहीतरी’ जाऊन पोहोचते मेंदूत, आणि ओढ निर्माण होते तीही तेथेच.

मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या पुढच्या बाजूस नरांच्या समागम-वर्तनाचे एक महत्त्वाचे केंद्र असते. नर उंदराला जाळीपलीकडची माजावरची मादी नुसती जाणवली, तरी प्रत्यक्ष समागमाच्या आधीच या केंद्रात डोपामिन हे रसायन स्रवू लागते. वृषणे काढलेल्या आणि समागम थांबलेल्या उंदरांत असा स्राव होत नाही; मात्र त्यांच्या मेंदूच्या ऊतींत डोपामिनचा साठा शाबूत आढळतो. कोठार भरलेले, पण दार उघडत नाही, अशी ती अवस्था असते. दार उघडण्याचे काम टेस्टोस्टेरॉन काही अंशी नायट्रिक ऑक्साइडच्या मार्फत करते, शिवाय टेस्टोस्टेरॉनच्या काही भागाचे मेंदूतच इस्ट्रॅडिऑलमध्ये रूपांतर होते, आणि ज्याला आपण सर्रास स्त्री-संप्रेरक म्हणतो ते नराच्या या वर्तनालाही हातभार लावते. आता आपल्या प्रश्नाशी थेट निगडित बाब अशी, की खच्चीकरणानंतर आठवडाभराने ज्या उंदरांचा समागम अद्याप सुरूच होता, त्यांच्यात मादीच्या सान्निध्यात डोपामिन वाढतच होते.

पूर्वानुभवाचा वाटाही मोठा असतो. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, खच्चीकरणापूर्वी समागम केलेल्या बोक्यांचे वर्तन अननुभवी बोक्यांपेक्षा बराच अधिक काळ टिकले. आपला कुत्रा शस्त्रक्रियेच्या वेळी पूर्ण प्रौढ होता, म्हणजे त्यालाही असा अनुभव असू शकतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

मेंदू आणि वृषण यांचा व्यवहार दुहेरी असतो. हायपोथॅलॅमसमधील जीएनआरएच हे संप्रेरक ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने सुटते. त्याने मेंदूच्या तळाची पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथी चेतते आणि तिच्या एलएच या संप्रेरकामुळे वृषणे टेस्टोस्टेरॉन तयार करतात. माजावरची मेंढी दिसताच मेंढ्याच्या रक्तात एलएच वाढते, म्हणजे इच्छासुद्धा संप्रेरकाला हलवते. उलट, जीएनआरएचसारखे द्रव्य सतत देत राहिल्यास पियुषिका दाद देईनाशी होते. शस्त्रक्रियेऐवजी कुत्र्यांच्या कातडीखाली बसवली जाणारी औषधी कांडी याच तत्त्वावर चालते, आणि म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत तिच्यामुळे ओढ तात्पुरती वाढूही शकते.

कुत्र्यांचे चढणे नेहमीच कामेच्छेचे नसते. खेळात, अति उत्साहात किंवा अस्वस्थतेतही ते चढतात. तो माणसांच्या पायांवर किंवा उशीवरही चढत असेल, तर त्याला ओरडू नये, लक्ष दुसरीकडे वळवावे. टेकडीवर माजावरची कुत्री दिसल्यास पट्टा आवळून वाट बदलणे पुरेसे आहे. मनाने कोणतेही औषध देऊ नये.