राणीछाप रुपये ऑनलाइन लिलावात विकावेत का? – माझं उत्तर

तुम्ही विचारलंय : आजीच्या ट्रंकेत चांदीचे 27 जुने रुपये सापडले, मामा म्हणतात सराफाला वजनावर देऊन टाका, ऑनलाइन लिलावात जास्त मिळतील की फसवणूक होईल? यातलं 'वजनावर देऊन टाका' वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

नका देऊ. निदान प्रत्येक रुपयावरचं साल वाचून वहीत लिहून होईपर्यंत तरी एकही रुपया घराबाहेर जाऊ देऊ नका.

आमच्याकडे बाबांच्या डब्यात 43 रुपये होते. दर लक्ष्मीपूजनाला ते बाहेर निघायचे, आई चिंच-मिठानं घासून लख्ख करायची, पाटावर मांडायची. त्यातला कुठला आजोबांच्या पगारातला, कुठला मुंजीत आलेला, हे बाबा दरवर्षी तितक्याच उत्साहानं सांगायचे. बाबा 2019च्या मार्चमध्ये गेले. मे महिन्यात मी माहेरी गेले तेव्हा डब्यात 12 रुपये होते. बाकीचे 31 दादानं सराफाला दिले होते, एका रुपयाचे 400, असे एकूण 12,400. पैसे त्यानं आईच्या खात्यात भरले होते. पैशाच्या बाबतीत त्याच्यावर माझा आक्षेप नव्हता आणि नाही. मी एवढंच विचारलं, "त्यांच्यावर सालं कुठली होती?" तो म्हणाला, "चांदीला कसलं साल? अकरा ग्रॅम म्हणजे अकरा ग्रॅम."

ते 31 रुपये मुशीत गेले. फोटो नाही, यादी नाही. त्यांत काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. यावरून आमचा वाद जो सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

उरलेल्या 12 मध्ये एक 1911चा होता. पंचम जॉर्जचा पहिला रुपया. राजाच्या झग्यावर जो हत्ती कोरला होता त्याची सोंड इतकी आखूड दिसते की तो डुक्करच वाटावा. लोकांनी, विशेषतः मुसलमानांनी, हरकत घेतली. सरकारनं तो रुपया मागे घेतला, बहुतेक नाणी वितळवली आणि पुढच्या वर्षापासून हत्ती सुधारला. नाणेवाले त्याला 'पिग रुपी' म्हणतात. आमच्या घरात तो कित्येक वर्षं चिंचेनं घासला जात होता, आणि त्याच्याकडे कुणी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी तो लिलावात घालायचं ठरवलं. ईबेनं भारतातलं संकेतस्थळ आदल्याच वर्षी, 2018च्या ऑगस्टमध्ये, बंद केलं होतं. म्हणून फक्त नाणी-नोटांचे लिलाव करणाऱ्या एका ठिकाणी नोंदणी केली. सुरुवातीची बोली 500 आणि मुदत सात दिवस.

वर्णनात मी लिहिलं, 'नाणं अनेकदा घासून धुतलेलं आहे, मूळ झाक गेली आहे, राजाच्या कानाजवळ बारीक चरे आहेत.' दादा म्हणाला, "स्वतःच्या मालाला कोण नावं ठेवतं? लिहू नको, चकचकीत दिसतंय ना!" पण नाण्याच्या बाजारात चकचकीत हाच दोष आहे. शंभर वर्षांत चांदीवर जी काळपट झाक चढते तिलाच जाणकार पैसे मोजतात, आणि ती घासून काढली की परत आणता येत नाही. न घासलेल्या रुपयाला आमच्याहून कितीतरी जास्त आले असते. तेव्हा तुमच्या 27 रुपयांना चिंच, पावडर, टूथपेस्ट काहीही लावू नका. कापडानंसुद्धा पुसू नका.

पहिल्या दिवशी बोली 900 वर गेली, दुसऱ्या दिवशी 1,350, आणि तिथेच थांबली. पाच दिवस हलली नाही. दादाचा रोज फोन. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "माझ्या मित्राला सांगतो दोन हजार लावायला, म्हणजे बाकीचे जागे होतील." मी नाही म्हणाले. आपल्याच माणसाकडून बोली फुगवून घेणं ही सरळसरळ फसवणूक आहे, आणि याच भीतीनं चांगले घेणारे अनोळखी विक्रेत्याकडे फिरकत नाहीत. यावरूनही आम्ही भांडलो.

रविवारी रात्री नऊला लिलाव बंद व्हायचा होता. नऊला तीन मिनिटं कमी असताना 1,700 दिसले. मग 2,000, 2,600. शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढते, अशी तिथली पद्धत होती, त्यामुळे ते चालूच राहिलं. नऊ वाजून अकरा मिनिटांनी 5,200 ला थांबलं. आई शेजारी बसली होती. तिनं आकडा पाहिला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "मी घासायला नको होतं गं." ते माझ्या मनातून जात नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

12 टक्के दलाली वजा जाऊन 4,576 रुपये हातात आले. दादा म्हणाला, "एखादा वेडा भेटला तुला." यावर माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे : एका वेड्यानं लिलाव वर जात नाही, दोघं लागतात. या लिलावात माणूस आपली कमाल मर्यादा गुपचूप भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीनं एकेक पायरी वर चढते. समोर दुसरा कुणी नसेल तर पायरी चढतच नाही. म्हणून पाच दिवस 1,350 दिसत होते. जिंकणाऱ्यानं कदाचित पहिल्याच दिवशी मोठा आकडा भरून ठेवला असेल. किंमत ठरते ती हरणाऱ्याच्या मर्यादेवर एक पायरी चढवून. म्हणजे 5,200 हा एका माणसाचा हट्ट नव्हता. एकमेकांना न ओळखणारे दोघं साधारण तेवढ्यापर्यंत आले होते. सराफाच्या दुकानात दुसरा माणूसच नसतो, तिथे फक्त तराजू असतो. दादाला हे मी चारदा समजावलं आहे.

ज्यांनी घेतला त्या नागपूरच्या गृहस्थांनी नाणं मिळाल्यावर निरोप पाठवला, की 'धुतलेलं आहे' असं स्पष्ट लिहिलं होतं आणि कडेचाही फोटो होता, म्हणून बोली लावली. तो निरोप मी दादाला पुढे धाडला. त्याचं उत्तर आलं नाही.

आता तुमच्या रुपयांचं. सालं वाचा. फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता, दोन्ही बाजू आणि कड असे काढा. वजन दोन दशांशांपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करा : जुना रुपया मुळात एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅम, झिजून थोडा कमी भरतो. खूपच कमी भरला तर शंका घ्या. 1940 पासूनच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे आणि 1947चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाहीच. 1939चा सापडला तर लगेच हुरळू नका. तो फार दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच 1938वरचा आठ कोरून नऊ केलेले पुष्कळ फिरतात. ट्रंकेत राम-सीतेचं चित्र आणि 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असं लिहिलेलं तांब्याचं नाणं असेल तर ते बनावट आहे. कंपनीनं तसं नाणं कधी पाडलंच नाही.

मामांचीही बाजू सांगायला हवी. बहुतेक रुपये चांदीच्या भावाच्या आसपासच जातात. 1918 सारख्या सालाचे तर कोट्यवधी पाडले गेले, त्यांना लिलावात घालून दलाली आणि टपाल भरण्यात अर्थ नाही. 27 पैकी दोन-तीन वेगळे निघाले तर नशीब समजा. बाकीचे मामा म्हणतात तसे द्या, पण यादी केल्यानंतर.

फसवणुकीचं विचारलंत. 'तुमचं नाणं पाच लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा' असा फोन आला तर तो ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे फोन यायला लागले म्हणून 2021च्या ऑगस्टमध्ये बँकेला जाहीर सांगावं लागलं होतं, की आम्ही या व्यवहारात नाही आणि कुठलंही शुल्क घेत नाही. विकणाऱ्यानं आगाऊ पैसे भरायचे असा लिलाव मी तरी पाहिलेला नाही. दलाली विक्रीतूनच कापली जाते.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि ते परदेशी पाठवता येत नाही, तेव्हा बाहेरच्या ग्राहकानं डॉलर दाखवले तरी नको. आणि तुम्ही ट्रंक म्हणालात म्हणून मी हे सगळं लिहिलं. जुन्या घराच्या भिंतीत किंवा जमिनीत पुरलेले सापडले असतील तर 1878चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ऐवज असला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तसं असेल तर लिलावाचं नंतर बघा, आधी तिकडे जाऊन या.