सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये पार्टला मटेरियल लावलंय, तरी बीओएममध्ये (ड्रॉइंगवरच्या सुट्या भागांच्या यादीत) मटेरियलचा कॉलम रिकामा का येतो?

कारण बीओएम पार्टचं मटेरियल थेट वाचत नाही, कस्टम प्रॉपर्टी, म्हणजे फाइलमध्ये आपण भरलेली माहिती, वाचतो. पार्ट उघडा, फाइल मेनूतून प्रॉपर्टीज, कस्टम टॅब. नाव 'मटेरियल' निवडा आणि व्हॅल्यूच्या ड्रॉपडाउनमधूनही मटेरियलच घ्या. शेजारी ईएन८ (एक कार्बन स्टील) किंवा जे असेल ते दिसलं की झालं. मग ड्रॉइंगमध्ये बीओएमच्या कॉलमच्या डोक्यावर डबल क्लिक, प्रकार कस्टम प्रॉपर्टी, नाव मटेरियल. वजनही असंच येतं.

व्हॅल्यूत हाताने 'एमएस' (माइल्ड स्टील) टाइप करू नका, बाबांनो. कुपवाड एमआयडीसीत आमच्या शॉपवर एकदा असंच झालं. शाफ्टचं मटेरियल बदलून ईएन८ केलं, टाइप केलेलं 'एमएस' तसंच राहिलं. स्टोअरवाल्याने बीओएम बघून एमएसचे बार कापले, आणि चूक कळली तोवर सहा शाफ्ट टर्निंग होऊन बसले होते.

तरीही चुकीचं दिसत असेल तर त्याच प्रॉपर्टीजमधला कॉन्फिगरेशनचा टॅब बघा. तिथे जुनं काही भरलेलं असेल तर बीओएम तेच आधी उचलतो.

ही प्रॉपर्टी पार्ट टेम्प्लेटमध्येच भरून ठेवा, म्हणजे नव्या पार्टमध्ये ती आपोआप येईल. जुन्या पार्टना मात्र ती वेगळी लावावी लागेल.