घर गहाण ठेवून कंपनीचे पगार? आधी खात्यातले १४ लाख नीट मोजा

प्रश्न: मी आणि माझा मित्र पुण्यात चार वर्षांपासून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी चालवतो. भोसरी-चाकणच्या कारखान्यांना उत्पादनाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने देतो. आम्ही दोघं धरून ११ माणसं. महिन्याचा खर्च ९.२ लाख, वसुली ५.४ लाख, खात्यात १४ लाख. येणं २१ लाख आहे, त्यातलं १३ लाख ९० दिवसांहून जुनं. मंदीमुळे ग्राहकांनी हात आखडला आहे आणि दीड कोटीची टर्मशीट (गुंतवणुकीच्या अटींचा प्राथमिक कागद) दिलेला गुंतवणूकदार आता ‘पुढच्या तिमाहीत बघू’ म्हणतो. कोथरूडचा फ्लॅट पत्नीच्या आणि माझ्या नावावर आहे, गृहकर्ज २२ लाख बाकी, हप्ता २४ हजार. एफडी ९ लाख, पीपीएफ १७ लाख. पत्नीला हातात ८५ हजार मिळतात, घरखर्च ७५ हजार. फ्लॅटवर ४० लाखांचं कर्ज काढून ते डायरेक्टर लोन म्हणून कंपनीत घालावं का? २००८ च्या मंदीतच मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या ना?

उत्तर: ४० लाखांना माझं उत्तर ‘नको’ असं आहे. १० लाखांपर्यंत एका अटीवर ‘चालेल’, पण ते शेवटी. आधी तुमच्या १४ लाखांकडे बघू, कारण ते १४ लाख नाहीत.

पत्रासोबतच्या ताळेबंदात जीएसटी, टीडीएस आणि पीएफ मिळून २.४ लाख देणं दिसतं. ते पैसे तुमच्या खात्यात आहेत, पण तुमचे नाहीत. म्हणजे हातात ११.६ लाख. महिन्याला ३.८ लाखांची तूट धरली तर तीन महिने. वसुली ३० टक्क्यांनी घसरली, आणि ग्राहकच अडचणीत असताना ती घसरेल असंच धरायला हवं, तर तूट ५.४ लाखांवर जाते आणि उरतात जेमतेम दोन महिने. ४० लाख ओतले तर हीच तूट साडेनऊ महिने चालेल. त्या साडेनऊ महिन्यांत बदलणार काय, हे तुमच्या पत्रात नाही. ‘गुंतवणूकदार येईल’ एवढंच आहे.

टर्मशीटबद्दल. त्यातली गोपनीयता आणि ‘दुसऱ्याशी बोलायचं नाही’ ही कलमं साधारणपणे बंधनकारक असतात, पैसे देण्याचं कलम नसतं. म्हणजे तो मोकळा आणि तुम्ही बांधलेले. त्या बंधनाची मुदत कधी संपते ते आज काढून बघा. संपली असेल तर इतरांशी बोलणी सुरू करा. संपली नसेल तर तेवढं कलम सोडून द्यायची लेखी मागणी करा. दीड कोटी एकदम जमत नसतील तर ३०-४० लाखांचा पहिला हप्ता कन्व्हर्टिबल नोटने, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलता येणाऱ्या कर्जाने, देता येईल का, हेही विचारा. त्यासाठी कंपनीला डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या विभागाची स्टार्टअप मान्यता लागते आणि एका गुंतवणूकदाराकडून एका वेळी किमान २५ लाख यावे लागतात.

आता डायरेक्टर लोनची गोम. संचालकाने कंपनीला दिलेलं कर्ज ‘ठेव’ धरलं जाऊ नये म्हणून त्याला लेखी लिहून द्यावं लागतं की ही रक्कम मी स्वतः कुठून उसनी किंवा कर्जाऊ घेतलेली नाही. फ्लॅटवर कर्ज काढून तोच पैसा पुढे दिलात तर हे निवेदन खोटं ठरतं. निवेदन नाही दिलं तर रक्कम ठेव धरली जाते आणि तिचे वेगळे नियम मागे लागतात. अनेक लहान कंपन्यांच्या वह्यांत हे राजरोस असतं आणि कुणी विचारत नाही. विचारतो तो गुंतवणूकदाराचा वकील, कागद तपासताना, नेमका पैसे यायच्या आठवड्यात.

मग उरतात दोन रस्ते. पहिला, तुम्ही शेअर घ्यायचे. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप व्हायला हवं, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत परत करावे लागतात. पण शेअरचा पैसा रांगेत सगळ्यात मागे उभा राहतो. गुंतवणूकदार सहसा प्राधान्याच्या शेअरमधून येतो, त्यामुळे कंपनी पडेल भावाने विकली गेली तर आधी बँक, मग तो आणि उरलं तर तुमचा फ्लॅट. शिवाय मित्र काही घालणार नसेल तर दोघांचा वाटा जुनाच कसा राहील? हे आत्ता बोलणं अवघड वाटत असेल, तर कर्ज फेडताना किती अवघड जाईल त्याचा अंदाज घ्या. दुसरा रस्ता, कंपनीनेच कर्ज घ्यायचं आणि तुम्ही फ्लॅट तारण देऊन वैयक्तिक हमी द्यायची. व्याज कंपनीच्या खर्चात जातं हा फायदा, पण ९० दिवस थकलं की खातं एनपीए म्हणजे बुडीतकडे झुकलेलं, त्यानंतर सरफेसी या बँकांच्या वसुली कायद्याची ६० दिवसांची नोटीस आणि मग जप्ती. ‘लिमिटेड’ कंपनीचा आडोसा हमीवर सही केली की त्या कर्जापुरता संपतो.

घरचं गणित त्याहून साधं आहे. ४० लाख, १० टक्के, १५ वर्षं: हप्ता सुमारे ४३ हजार. घरखर्च आणि गृहकर्ज ९९ हजार, म्हणजे एकूण १ लाख ४२ हजार. कंपनी बंद पडली तर येणार फक्त ८५ हजार. दरमहा ५७ हजारांची भोकं बुजवत तुमची एफडी १६ महिनेही पुरणार नाही. आणि फ्लॅट दोघांच्या नावावर असल्याने पत्नीही सहकर्जदार होणार, म्हणजे त्यांचा पगारही गहाण.

त्याऐवजी पैसा जिथे अडकला आहे तिथे हात घाला. १३ लाखांची जुनी बिलं एकेक काढून बसा. बड्या कारखान्यांकडची बिलं बऱ्याचदा भांडणाने नव्हे, कारकुनी कारणाने अडतात: बिलावर पीओ (खरेदी आदेश) नंबर नाही, खरेदी विभागाची पोच अकाउंट्सला गेलेली नाही, किंवा तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या जीएसटी विवरणात) बिल चढलंच नाही म्हणून त्यांच्या २बी मध्ये (खरेदीवरच्या कराच्या उताऱ्यात) दिसत नाही आणि ते पूर्ण रक्कम रोखून धरतात. मालकाला फोन करून उपयोग नाही. अकाउंट्समध्ये विचारा की पेमेंट कोणत्या तारखेला सुटतं आणि त्याआधी कोणता कागद हवा. ही यादी मित्राकडे नको, तुमच्याकडेच ठेवा, कारण विक्री तो बघतो आणि ग्राहकाला दुखवायची भीड त्याला जास्त असणार.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? सूक्ष्म वा लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण नोंदणी बिलाच्या आधीची हवी; आज नोंदवून मागच्या बिलांवर हक्क सांगता येणार नाही. त्याशिवाय, मुदत उलटलेली रक्कम देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात तो खर्च वजा करता येत नाही, त्यामुळे मार्चआधीच्या आठवड्यांत एका सभ्य पत्राने बरंच हलतं. लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार मात्र सोडून गेलेल्या ग्राहकांवरच करा. चालू ग्राहकावर केलीत तर पुढचं भाडं गेलं म्हणून समजा. बडे खरेदीदार ट्रेड्सवर (बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर) असतील तर त्यांनी मान्य केलेली बिलं तिथे वटवून मुदतीआधी पैसे मिळतात. जुन्या, वादातल्या बिलांना तो इलाज नाही.

चांगल्या ग्राहकांना वर्षाचं भाडं आगाऊ दिल्यास १० टक्के सूट द्या. हे स्वस्त नाही. महिन्याला मिळणारा पैसा आज १० टक्के कमी घेऊन उचलणं म्हणजे वर्षाला वीसेक टक्के व्याज मोजणं. तरी त्यात फ्लॅट अडकत नाही. फक्त आगाऊ रकमेवरचा जीएसटी लगेच भरायचा असतो, तो बाजूला काढा.

खर्चात कात्री एकदाच लावा. थोडं-थोडं कापत राहिलात की दर महिन्याला चांगला माणूस दुसरीकडे अर्ज करतो. जाहिरातीत ५० हजार, ऑफिस लहान करून ४० हजार, कुणी न वापरणारे टेस्ट सर्व्हर बंद करून २० हजार, तुम्हा दोघांच्या १.२ लाखांच्या पगारातून ४० हजार, आणि नव्या मोबाइल अॅपवरच्या दोन जागांचे १.३ लाख. एकूण २.८ लाख. खर्च ६.४ लाखांवर येतो आणि वसुली घसरूनही तूट २.६ लाख. ११.६ लाखांत जुन्या येण्यापैकी निम्मे, साडेसहा लाख, धरा. जाणाऱ्या दोघांचा महिन्याचा नोटीस पगार १.३ लाख वजा करा. १६.८ लाख उरतात. साडेसहा महिने.

पण तेही पूर्ण वापरायचे नाहीत. कंपनी बंद करायलाही पैसे लागतात: उरलेल्या माणसांचा एक महिन्याचा पगार ३.९ लाख, सरकारी देणी, जागेच्या कराराचं उरलेलं भाडं, ग्राहकांच्या आगाऊ रकमा. ७ लाख धरा. खातं ७ लाखांवर आलं की त्याच दिवशी बंद करण्याची तयारी सुरू. म्हणजे तुमच्या हातात खरे पावणेचार महिने आहेत. कमी वाटतील, पण घर गहाण न ठेवता मिळालेले आहेत.

पगार अडला की पहिला मोह पीएफ आणि टीडीएसला हात लावायचा होतो. माणसांच्या पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि कापलेला टीडीएस न भरल्यासही खटला होऊ शकतो. आजच वेगळं खातं उघडून दर पगाराला ती रक्कम तिकडे वळवा. ते खातं दुसऱ्या बँकेत असलं तर उत्तम. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते, आणि ठेव विमा आज एका बँकेत ५ लाखांपुरताच आहे.

खेळत्या भांडवलासाठी सीजीटीएमएसई या लघुउद्योग कर्जांच्या हमी योजनेखाली बिनतारण कर्जमर्यादा मागून बघा. उलाढालीच्या २० टक्क्यांच्या हिशेबाने तुमच्या वर्षाच्या ६५ लाखांवर १३ लाख बसतात. तोट्याचा ताळेबंद बघून बँक कुरकुरेल, कात्रीनंतरचे दोन महिन्यांचे आकडे घेऊन जा. मिळाली तरी ती बिलांपोटीच वापरा, तोटा भरायला नाही.

२००८ बद्दल: राहायला घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या संस्थापकांनी त्या वर्षी अमेरिकी निवडणुकीच्या नावाने नाश्त्याच्या सीरियलचे खोके ४० डॉलरला एक असे विकून सुमारे ३० हजार डॉलर उभे केले. म्हणजे त्यांनीही आधी काहीतरी विकलंच. त्याच वर्षी बुडालेल्यांची नावं तुमच्या-माझ्यापर्यंत आली नाहीत इतकंच.

आता १० लाखांची अट. गुंतवणूकदाराचा भागधारक करार सह्या होऊन हातात हवा, त्यात पैसे यायची तारीख आणि त्याआधी तुम्ही पूर्ण करायच्या गोष्टींची यादी हवी. तेव्हा गृहकर्जावर टॉप-अप (वाढीव कर्ज) घ्या, हप्ता सुमारे १०,७५० येईल. कंपनी बुडाली तरी घरात महिना २५ हजारच कमी पडतील आणि एफडी तीन वर्षं रेटेल. पैसा शेअर म्हणूनच घाला, बँकेला खरा वापर सांगा, आणि मित्राचा वाटा किंवा त्याची रक्कम आधी कागदावर आणा. पीपीएफला हात लावू नका. कर्जापायी न्यायालयाच्या आदेशानेही ते जप्त होत नाही. टॉप-अपच्या सहीआधी पत्नी आणि मुलांच्या नावे विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली मुदत विमा घ्या, म्हणजे तुमच्या पश्चात ती रक्कम ज्यांचं देणं आहे त्यांच्याकडे जात नाही. अर्जातच त्यासाठी वेगळी पुरवणी असते, आणि विमा एकदा निघाल्यावर ती मागाहून जोडता येत नाही.