मॅजिकमध्ये स्वतःचा डेक चालेल असा फॉरमॅट कोणता?

भाऊ, तुझा प्रश्न मला असा समजला: मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या अरेना या ऑनलाइन अ‍ॅपवर वर्षभर स्टँडर्ड (फक्त अलीकडचे पत्ते चालतात तो फॉरमॅट) खेळून झालं, आता खरे पत्ते हातात घ्यायचेत, आणि नागपुरात असा फॉरमॅट, म्हणजे कुठले पत्ते चालतील याचे नियम, हवाय ज्यात जास्तीत जास्त डेक (खेळाडूने स्वतः जमवलेले पत्त्यांचे गठ्ठे) जिंकू शकतील आणि नेटवरची यादी जशीच्या तशी उतरवावी लागणार नाही.

उत्तर आधी देतो, पॉपर नावाचा फॉरमॅट घे. आता जरा लांबण लावतो, कारण डेक मोजून फॉरमॅट निवडायची चूक मी स्वतः केली आहे आणि ती महागात पडली आहे.

माझा हिशोब सरळ होता. मॉडर्न नावाच्या फॉरमॅटमध्ये २००३ च्या आठव्या एडिशनपासूनचे सेट, म्हणजे पत्त्यांच्या मालिका, चालतात, पत्त्यांचा ढीग मोठा, म्हणजे डेकही भरपूर. पण ढीग वाढला की त्यातले सगळ्यात तिखट पत्ते आणखी तिखट होत जातात, आणि घरी जमवलेल्या डेकला त्यांच्यासमोर तिसऱ्या-चौथ्या टर्नपर्यंत जिवंत राहून दाखवावं लागतं. बाकीचे शेकडो डेक नियमात बसतात, टेबलावर टिकत नाहीत. २०१६ च्या सुरुवातीला नव्या सेटमधली एल्ड्राझी नावाची जनावरं (लढणारे पत्ते) आणि दोन जुने लँड (मना, म्हणजे पत्ते खेळायची ताकद, देणारे पत्ते), एल्ड्राझी टेंपल आणि आय ऑफ युगिन, एकत्र आले. त्या वेळच्या प्रो टूर या मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या आठ डेकांपैकी सहा एल्ड्राझीचे होते. एप्रिलमध्ये आय ऑफ युगिन बॅन झाला तेव्हा कुठे बाकीच्यांना जागा मिळाली. ढीग लहान असला तरी सुटका नाही. ओको नावाचा पत्ता २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि नोव्हेंबरमध्ये स्टँडर्डमधून बॅन झाला.

बरं, डेक खरोखरच दहा-बारा असले तरी सामने चुरशीचे होतीलच असं नाही. ट्रॉन नावाच्या डेकवाल्याचे तीन वेगवेगळे लँड तिसऱ्या टर्नला जुळले की त्याच्याकडे सात मना. तुझा डेक एकेक जनावर मारत सावकाश खेळणारा असेल, तर जोडी जाहीर झाली तेव्हाच मॅच निम्मी गेली. तोच ट्रॉनवाला पुढच्या राउंडला लाइफ (शून्यावर आले की हार) थेट जाळणाऱ्या बर्न डेकसमोर बसून रडतो. विविधता आहे, पण पाळी कुणासमोर येते यावरच सगळं ठरतं. मला असल्या दहा डेकांपेक्षा पंचावन्न-पंचेचाळीसच्या फरकाने लढणारे पाच डेक कधीही परवडले.

कमांडर या फॉरमॅटचं म्हणशील, तर आपल्याकडे कुठल्याही घरी चौघं जमले की तेच निघतं. शंभर पत्ते, बेसिक लँड सोडून प्रत्येकाची एकच प्रत, चाळीस लाइफ. डेकांची विविधता इथे सगळ्यात जास्त, यात वाद नाही. पण तीन विरोधकांचे मिळून १२० लाइफ उडवायचे असतात, त्यामुळे तुझी अरेनावरची आवडती लाल रंगाच्या पत्त्यांची घाई इथे दमून जाते. शिवाय जो पुढे जातो त्याच्यावर तिघं तुटून पडतात, मेंढीकोटात जोडीदारच नसावा तसं. मजा येते. फक्त कोण चांगलं खेळलं हे त्यातून फारसं कळत नाही.

आता पॉपर. फक्त कॉमन, म्हणजे सेटमधले सगळ्यात सहज मिळणारे पत्ते, साठचा डेक, पंधराचा साइडबोर्ड (डावांच्या मध्ये बदलायचे राखीव पत्ते). कागदी पत्त्यांसाठी याला अधिकृत मान्यता २०१९ मध्ये मिळाली, त्याआधी ऑनलाइन चालायचा. कॉमन म्हणजे फालतू असं समजू नको, लाइटनिंग बोल्ट, काउंटरस्पेल, ब्रेनस्टॉर्म सगळे आहेत. गंमत अशी की एकट्याने मॅच उचलून नेईल असा पत्ता क्वचितच सापडतो, आणि दोन रंगांचे बरेच लँड आडवे होऊनच येतात, म्हणजे त्या टर्नला मना देत नाहीत. खेळ लांबतो, चुका करायला आणि सुधारायला वेळ मिळतो. म्हणून इथे एल्व्ह्ज, फेअरीज, ट्रॉन, लाल बर्न असे डेक एका टेबलावर नांदतात. अगदी गोकुळ आहे असंही नाही. नवे आर्टिफॅक्ट लँड आल्यावर त्यांच्यावर चालणारी अ‍ॅफिनिटी इतकी चढली की २०२२ च्या जानेवारीत अ‍ॅटॉग हा तिचा पत्ता बॅन करावा लागला.

तुझ्या डेकची परीक्षा लाल डेकच घेणार. पहिल्या दोन टर्नमध्ये काहीच करत नसशील तर मेलास. माझ्या हिरव्या डेकचं हेच झालं. कागदावर सगळ्यांना पुरा पडत होता, पण आमच्या आठ जणांत तिघं लाल घेऊन यायचे. पाच रविवार हरल्यावर साइडबोर्डात लाइफ वाढवणारे चार वेदर द स्टॉर्म घातले आणि एल्व्ह्ज दोनने कमी केले. नेटवरच्या कुठल्याही यादीत माझा साइडबोर्ड तसा नव्हता, पण त्या यादीवाल्याला आमच्या धरमपेठेतल्या टेबलावर कोण बसतं हे कुठे ठाऊक?

आठ जण असले की तीन राउंड आणि शेवटी न हरलेला एकच. शंभरातल्या साठ मॅच जिंकणारा डेक घेतलास तरी तिन्ही सलग जिंकायची शक्यता साधारण २२ टक्के. तेव्हा दोन जिंकून एक हरलास की लगेच डेक मोडायला बसू नको. सहा-सात रविवार तोच ठेव, प्रत्येक वेळी दोन-तीन पत्तेच बदल, आणि कुणाकडून कशामुळे हरलास ते वहीत लिही. मी अजून लिहितो.

खरेदीची घाई नको. मी एल्व्ह्ज आणि लाल बर्न दोन्ही डेक जास्तीचे बाळगून असतो. आधी बर्न घे, चार-पाच मॅच खेळ, म्हणजे तुझ्या स्वतःच्या डेकला काय झेलावं लागणार ते कळेल. फक्त स्लीव्हशिवाय (प्लास्टिकच्या आवरणाशिवाय) पत्ते आणू नकोस, आमच्याकडे तर्री-पोहे टेबलावरच असतात आणि एका काउंटरस्पेलवर अजून तेलाचा डाग आहे.