साहित्यात आणि इतिहासात श्रीमंती कशाला म्हटलं आहे? पैशाला की मनाच्या मोठेपणाला?

पैशाला. हे आधीच सांगून टाकते, कारण "खरी श्रीमंती मनाची" हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आणि ते मला कधीच पटलं नाही. मन केवढंही असू दे, दारात आलेल्याच्या पदरात घालायला पायलीभर ज्वारी लागते आणि तिचे पैसे कुणीतरी मोजलेले असतात. त्यामुळे पुस्तकात दानशूर माणूस भेटला की मी एवढंच शोधते, की शेवटी हे बिल कोणी भरलं?

आमच्या सोलापूर भागात हा विषय निघाला की दामाजीपंत येतातच. मंगळवेढ्याचं बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार त्यांच्या ताब्यात होतं. दुष्काळ पडला, लोक अन्नावाचून मरायला लागले, तेव्हा पंतांनी कोठार उघडून दिलं. बादशहाने त्यांना धरून आणायला माणसं पाठवली. तेवढ्यात विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन सगळी रक्कम भरली आणि पावतीही घेतली. या कथेवरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं आजही वाजतं.

मधल्या मारुतीजवळ आमच्या अण्णांचं किराणा-धान्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक बरंचसं मोहोळ-मंगळवेढ्याकडचं, कोरडवाहू शेतकरी. वर्षभर खात्यावर माल न्यायचा आणि ज्वारीची सुगी झाली की फेडायचं, अशी पद्धत. १९७२ला सुगीच झाली नाही. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली होती, तिची भाकरी थापताना कडेने फाटायची. अण्णांनी उधारी थांबवली नाही. तेल, डाळ, मीठ, गूळ, दुकानात असेल ते देत राहिले. शाळेतून आले की खतावणी लिहायला मी बसायचे, त्यामुळे कोणाचं काय चाललंय ते मला दिसायचं. नावे बाजू पानामागून पान भरत होती आणि जमा बाजू कोरी.

मग घाऊक व्यापाऱ्याचा तगादा सुरू झाला. दिवाळीत वहीपूजनाच्या आत बाकी चुकती करा, नाहीतर पुढचा माल बंद. त्या दिवसांत एका संध्याकाळी आई मोरीवर बसली, मनगटाला साबण चोळला आणि पाटल्या काढायला लागली. डाव्या हातातली निघाली. उजवी अंगठ्याच्या हाडापाशी अडकली. कातडी लाल झाली, तिने पुन्हा साबण लावला, हात गुडघ्यांत दाबून धरला आणि ओढून काढली. अण्णांनी मागितल्या नव्हत्या. तिने ओल्या हातानेच त्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "व्यापाऱ्याचं यातून भागवा. गावाकडच्या माणसांचं खातं बंद करू नका."

पुढच्या सुग्यांना बऱ्याच जणांनी फेडलं. कुणी ज्वारीचं पोतंच आणून टाकलं. काही जण गाव सोडून पुण्या-मुंबईला गेले, ते गेलेच. काही वर्षांनी दुकान बसलं आणि अण्णा दुसऱ्याच्या पेढीवर दिवाणजी म्हणून लागले. दादा त्या काळात बाहेरगावी वसतिगृहात होता. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, "दामाजीने बादशहाचं धान्य वाटलं, अण्णांनी घरचं वाटलं. त्यांचं बिल भरायला कुठला विठू आला?"

आला होता. मोरीवर बसून हाताला साबण लावत होता, मी पाहिला आहे.

हे एकदा लक्षात आलं की जुनी पुस्तकं वेगळी दिसतात. शूद्रकाचं मृच्छकटिक हे संस्कृत नाटक घ्या. चारुदत्त दान करून करून कंगाल झालेला. पैसा गेल्याचं त्याला दुःख नाही. घरात काही उरलं नाही म्हणून पाहुणे दार टाळतात, याने तो जळतो. सगळे चारुदत्ताला डोक्यावर घेतात. पण वसंतसेनेने त्याच्याकडे ठेवलेले दागिने चोरीला जातात तेव्हा त्याची अब्रू राखायला स्वतःची रत्नमाळ कोण काढून देतं? त्याची बायको धूता. किती जणांना तिचं नाव आठवतं?

तुकोबांचंही तसंच. "जोडोनिया धन उत्तम वेव्हारें" हा चरण लोक एकमेकांना ऐकवतात. त्यांनी सावकारीची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत बुडवली हेही सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात धाकट्या भावाची अर्धी खतं त्यांनी आधी त्याच्या हवाली केली आणि बुडवली ती फक्त आपल्या वाटणीची, असं परंपरा सांगते. हे मला फार मोठं वाटतं. दुसऱ्याच्या वाट्यावर त्यांनी दानशूरपणा केला नाही. आणि संतचरित्रकार महिपतीने लिहिलेल्या चरित्रातली त्यांची बायको जिजाई स्वतःच्या नावावर कर्ज काढून नवऱ्याला व्यापाराला भांडवल देते. तिला कजाग ठरवून आपण मोकळे झालो. मला याचा राग येतो.

इतिहासाचं थोडक्यात सांगते. मालीचा राजा मनसा मुसा १३२४मध्ये हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटत गेला की तिथे सोन्याचा भाव पडला आणि परतताना त्यालाच तिथल्या सावकारांकडून कर्ज काढावं लागलं. आपल्याकडे पहिले बाजीराव पेशवे आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना पत्रांतून कर्जाचं गाऱ्हाणं सांगतात. थोरले माधवराव १७७२मध्ये मरणापूर्वी जी कलमं लिहून ठेवतात त्यांत कर्जफेड आहे. माधवरावांबद्दल माझा आदर त्यामुळे जास्त आहे, कारण बिल मागच्यांवर टाकून जायचं नाही हे त्यांना कळत होतं. सोलापूरची श्रीमंती विचाराल तर लोक 'जुनी मिल' ही कापडगिरणी सांगतील, वारदांचं इंद्रभुवन दाखवतील. दाखवावंच, देखणी वास्तू आहे. पण मिला बंद पडल्यावर पूर्वभागातली कितीतरी घरं बायकांनी वळलेल्या विड्यांवर चालली. या शहराची श्रीमंती लिहायची तर तेही लिहा.

आता दोन गोष्टी राहिल्या. दामाजीपंतांची विठू महाराची कथा श्रद्धेची आहे, परीक्षेच्या उत्तरात इतिहास म्हणून लिहू नका. आणि प्रत्येक दानशूर माणूस बायकोच्या दागिन्यांवर मोठा झाला, असं मी म्हणत नाही. निबंधासाठी विचारत असाल तर धूता आणि जिजाई या दोघींवर लिहा. मनाच्या श्रीमंतीवर सगळा वर्ग लिहिणार आहे.

दादा म्हणतो, आईला पर्याय नव्हता. होता. पाटल्या पेटीत ठेवून अण्णांना उधारी बंद करायला लावता आली असती, शेजारच्या दुकानदारांनी केलीच होती. तिने दोन्ही बाजू पाहिल्या आणि ठरवलं. दुकानाचा हिशेब दादा आजही अण्णांच्या नावाने मांडतो आणि तोटा काढतो. त्या वर्षीचं भांडवल आईचं होतं, तेव्हा ते कुठे लावायचं हे तिने ठरवलं. तिच्या नावाचं खातं उघडल्याशिवाय त्याने तोट्याचा आकडा मला सांगू नये.