मेहुण्याने शाळेचं काम सोडलं, बँकेची नोटीस मला का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मेहुण्याने जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत स्लॅबपर्यंत नेऊन सोडली, झेडपीने त्याची १० लाखांची बँक गॅरंटी (काम सोडलं तर बँक पैसे भरेल ही हमी) इन्व्होक केली म्हणजे ते पैसे बँकेकडे मागितले, बँकेने पैसे भरले आणि आता नोटीस तुम्हाला, कारण काउंटर गॅरंटीवर, म्हणजे बँकेला भरावे लागले तर तिला परत देऊ या हमीपत्रावर, जामीनदार म्हणून सही तुमची आहे. तुम्ही म्हणताय मी साइटवर पाय ठेवला नाही, बिलातला रुपया घेतला नाही, मग त्याला सोडून आधी मला का धरतात. मी बँकेत गॅरंटीच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जे कटू आहे ते. करार कायदा १८७२, कलम १२८, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. आणि बँकेने आधी मेहुण्यावर दावा लावून थकून मग तुमच्याकडे यावं असं कुठेच नाही, हा मुद्दा सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद मध्ये संपवलाय. जामीन घ्यायचा तोच मुळात कर्जदार हाती लागत नाही तेव्हासाठी. त्यामुळे 'आधी त्याच्याकडून वसूल करा' एवढंच उत्तर वकिलाकडून लिहून पाठवलंत तर ते टिकणार नाही, फी मात्र जाईल.

पण जबाबदारी कागदावरच्या आकड्यापुरतीच, हे पक्कं धरा. पीडब्ल्यूडी आणि झेडपीच्या बी-१ फॉर्ममध्ये, म्हणजे ठेक्याच्या छापील करारात, कलम ३ असतं, ठेकेदार पळाला की राहिलेलं काम दुसऱ्या एजन्सीकडून करून घ्यायचं आणि जास्तीचा खर्च मूळ ठेकेदारावर टाकायचा, सगळे त्याला रिस्क अँड कॉस्ट म्हणतात. समजा तो फरक ३० लाख निघाला, तर ती ३० लाखांची भानगड झेडपी आणि मेहुणा यांच्यातली. तुमची सही १० लाखांच्या गॅरंटीसाठी असेल तर १० लाख, त्यावरचं व्याज आणि बँकेचा खर्च, बस. कुणी ऑफिसमधून फोन करून पुढचे २० लाखही तुमच्यावर येतील असं घाबरवलं तर लेखी मागा.

आता खरं महत्त्वाचं. गॅरंटी देताना बँक मार्जिन म्हणून एफडी ठेवून घेते, कधी प्लॉटवर गहाणही असतं. कलम १४१ असं सांगतं की ही तारणं जामीनदाराच्याही हक्काची आहेत, सही करताना तुम्हाला माहीत नव्हती तरीही, आणि बँकेने तुमच्या संमतीशिवाय ती सोडली किंवा घालवली तर तेवढ्या किमतीपुरते तुम्ही मोकळे. १९६६ चा मध्य प्रदेश सरकार विरुद्ध कालूराम हा निकाल यावरच आहे, जंगलतोडीचा ठेका होता, हप्ते भरले नाहीत तर लाकूड अडवायचा हक्क वनखात्याला होता, त्यांनी अडवलं नाही, लाकूड गेलं आणि जामीनदार सुटले. आमच्या एका शाखेत मी नवीन असताना एका रिटायर्ड गुरुजींनी भाच्याच्या गॅरंटीचे सगळे पैसे मुकाट्याने भरले. नंतर फाइल चाळताना दिसलं की मार्जिनची एफडी मधेच मोडून भाच्याला दिली होती, मजुरांचे पैसे द्यायचेत म्हणून, आणि गुरुजींची सही त्या कागदावर कुठेच नव्हती. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. ते मला आजही लागून राहिलंय, म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, पैसे भरायच्या आधी बँकेला रजिस्टर्ड पत्र टाका की या गॅरंटीसाठी कोणकोणतं तारण होतं, आज काय शिल्लक आहे, एफडी वळती केली का, केली तर कोणत्या तारखेला आणि किती. एक अडचण आहे, बँकेच्या छापील फॉर्ममध्ये बऱ्याचदा 'कलम १३३, १३५, १४१ चे हक्क मी सोडतो' अशी ओळ असते (१३३ म्हणजे जामीनदाराला न विचारता करारात केलेला बदल, १३५ म्हणजे दिलेली मुदतवाढ किंवा तडजोड) आणि ती असेल तर हा मुद्दा ढिला पडतो, त्यामुळे सही केलेल्या कागदाची पूर्ण कॉपी आधी मिळवा. झेडपीने कामाला मुदतवाढ दिली म्हणून मी सुटलो असं काहीजण सांगतील, तेही याच ओळीवर अवलंबून, आणि मुदतवाढीला आधीच संमती नसलेली काउंटर गॅरंटी मी क्वचितच पाहिलीय.

दुसरा कागद म्हणजे झेडपीचं इन्व्होकेशनचं पत्र. गॅरंटी संपायच्या आत बँकेत पोचलं का, आणि सही कोणाची. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार सरकार, १९९९, त्यात गॅरंटीच्या मजकुराप्रमाणे चीफ इंजिनिअरने मागणी करायला हवी होती, केली एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरने, कोर्टाने ती मागणी चुकीची ठरवली. तुमच्याकडे असलं काही निघालं तर बँकेने पैसे भरलेच का हा प्रश्न उभा राहतो. गॅरंटी थांबवायला स्टे मिळेल का असंही विचारलंय, पैसे गेलेत त्यामुळे आता अर्थ नाही, आणि आधीही ठळक फसवणूक किंवा भरून न येणारं नुकसान दाखवल्याशिवाय कोर्ट हात घालत नाही.

बायकोला वाईट वाटेल म्हणून मेहुण्याकडे काही मागायचं नाही असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तुमचं घर तुम्ही जाणता. पण जेवढे भराल तेवढे कलम १४५ प्रमाणे त्याच्याकडून मिळायचा तुमचा हक्क आहे, कलम १४० ने बँकेचे हक्कही तुमच्याकडे येतात, म्हणजे उरलेलं तारण तुम्ही मागू शकता. भरल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. चेकनेच भरा, बँकेकडून 'जामीनदार म्हणून मिळाले' असं लिहिलेली पावती घ्या, आणि त्याला आत्ताच सांगा की झेडपीबरोबर जॉइंट मेजरमेंटला, म्हणजे झालेल्या कामाच्या एकत्र मोजणीला, हजर राहा, नाहीतर त्याने केलेलं पण एमबीत (मोजमाप वहीत) न चढलेलं काम नंतर कोणी मोजणार नाही, कारण नवीन ठेकेदाराने वरून प्लास्टर मारलं की जुनं किती होतं ते कळत नाही. त्याच्या फायनल बिलात काही निघालं तर निदान तुमचे पैसे मागायला जागा राहील. नोटिशीत उत्तराची मुदत किती दिवसांची आहे ते कळवा आणि काउंटर गॅरंटीची कॉपी मिळाली की त्यातली हक्क सोडायची ओळ असेल तर ती तशीच्या तशी इथे टाका, वाचून सांगतो.