रिपोर्ट नॉर्मल, तरी अंगात त्राण नाही: दुसरं हार्मोन घेऊन पाहावं का?

"टीएसएच ३.६ आलाय. डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे. मग सकाळी अंथरुणातून उठवत का नाही? मैत्रिणीने थायरॉइडच्या अर्काच्या गोळ्या मागवून दिल्यात, नैसर्गिक आहेत म्हणे. सुरू करू का?"

टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारा मेंदूकडचा निरोप; थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की हा आकडा चढतो, जास्त झालं की उतरतो. विचारणाऱ्या बाई ४४ वर्षांच्या, शिक्षिका, वजन ६२ किलो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) हाशिमोटो आजारामुळे (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटते) सहा वर्षं रोज १०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, म्हणजे टी४ हे थायरॉइडचं हार्मोन, चालू. थकवा, वर्गात ऐनवेळी शब्द न आठवणं, केस गळणं आणि वाढलेलं चारेक किलो वजन या उघड तक्रारी. आणखी एक गोष्ट बऱ्याच वेळाने बाहेर आली. घरी आणि दवाखान्यात, दोन्हीकडे "मनाचं आहे" हे ऐकून साचलेला राग.

या रागाकडे आधी बघावं लागतं, कारण बाहेरून मागवलेली गोळी बहुतेक वेळा त्याच भरात सुरू होते. कुणी ऐकतच नाही, तर मीच बघते माझं, असा तो हिशोब असतो. टीएसएच प्रमाणात असूनही तक्रारी उरतात असे रुग्ण साधारण शंभरात पाच ते दहा असतात, आणि ते ढोंग करत नसतात. हे स्पष्ट सांगितल्यावर बाईंचा आवाज खाली आला. मग विचारलं, "गोळी घेता तो सगळा सकाळचा क्रम घड्याळासकट सांगा."

साडेसहाला थायरॉक्सिन. पावणेसातला चहा. सातला न्याहारी आणि तिच्यासोबत कॅल्शियमची गोळी. रात्री केसांसाठी बायोटिन हे बी गटातलं जीवनसत्त्व, १०,००० मायक्रोग्रॅम, वर्षभर.

इथे दोन गोष्टी चुकत होत्या आणि दोन्ही एकमेकींना झाकत होत्या. कॅल्शियम आणि लोह आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, त्यामुळे औषध रक्तात कमी पोहोचतं. म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर लागतं. चहा, कॉफी किंवा न्याहारीच्या आधी निदान अर्धा तास, जमल्यास तासभर जायला हवा. पोट रिकामं असलं की गोळी फक्त पाण्याबरोबर. सकाळ धावपळीची असेल तर शेवटच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी, झोपताना घेतलेली चालते. वेळ रोज एकच असली की झालं.

बायोटिनचं दुखणं वेगळं. ते औषध अडवत नाही, तपासणी फसवतं. अनेक प्रयोगशाळांच्या थायरॉइड चाचण्यांमध्ये बायोटिनचाच वापर केलेला असतो. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी दिसतो आणि फ्री टी४ (रक्तात मोकळं फिरणारं टी४) खोटा जास्त. बाईंचा ३.६ हा आकडा म्हणूनच संशयास्पद होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने बायोटिन तीन दिवस बंद ठेवून (निदान दोन दिवस तरी हवेतच), सकाळी गोळी घेण्याआधी रक्त दिलं. टीएसएच ७.८, म्हणजे जास्त, निघाला. म्हणजे ज्या औषधाने फरक पडत नाही अशी तक्रार होती, ते पुरेसं पोहोचतच नव्हतं.

मात्रा वाढवायची घाई डॉक्टरांनी केली नाही, आणि ते बरोबरच होतं. किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम ही पूर्ण मात्रा धरली तर ६२ किलोला १०० पुरते. कॅल्शियम रात्रीवर गेलं. टी४ चा अर्धायुकाल (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे सात दिवस असतो, त्यामुळे कोणताही बदल रक्तात स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. दोन आठवड्यांत "काही फरक नाही" म्हणून गोळी बदलणारे लोक प्रत्यक्षात काहीच तपासत नसतात. आठ आठवड्यांनी टीएसएच २.१ आला. त्याच वेळी सांगितलेल्या तपासण्यांत बी१२ ठीक होतं, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) मात्र ११, म्हणजे कमी. लोह सुरू झालं, तेही दुपारी, थायरॉक्सिनपासून लांब.

या दोन महिन्यांत बाईंना एक साधी वही ठेवायला सांगितली होती. तीनच तक्रारी, रोज रात्री शून्य ते दहा गुण: सकाळचा थकवा, शब्द अडणं, झोप. वजन मुद्दाम वगळलं. थायरॉइड कमी असल्यामुळे वाढणारं वजन बहुतेकांत दोन-चार किलोच असतं आणि त्यात पाणी व क्षाराचा वाटा मोठा. काट्यावर रोज उभं राहिलं की औषधाचा निकाल काटाच लावू लागतो. केसही वगळले, कारण ते सुधारायला कित्येक महिने लागतात. थकवा आठवरून चारवर आला. शब्द अडणं सातवरून पाचवर येऊन तिथेच थांबलं.

आता मूळ प्रश्नाला अर्थ आला.

ग्रंथीचा अर्क हे काही नवं खूळ नव्हे. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका रुग्णेवर उपचार केले आणि ती पुढे २८ वर्षं जगली. आजच्या गोळ्या बहुतेक डुकराच्या वाळवलेल्या ग्रंथीच्या असतात, हे अनेकींना विकत घेईपर्यंत माहीत नसतं. एका ग्रेनच्या, म्हणजे ६० ते ६५ मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण ३८ मायक्रोग्रॅम टी४ आणि ९ मायक्रोग्रॅम टी३, म्हणजे थायरॉइडचं दुसरं, जास्त जोरकस हार्मोन, असतं. म्हणजे चारास एक. माणसाची ग्रंथी मात्र सुमारे चौदास एक या प्रमाणात स्रवते आणि शरीरातलं बाकीचं, जवळजवळ ऐंशी टक्के टी३, इतर अवयवांत टी४ पासून तयार होतं. माणसाच्या मानाने या गोळीत टी३ बरंच जास्त आहे. 'नैसर्गिक' हा शब्द डुकरापुरता खरा.

तरी ती गोळी निरुपयोगी आहे असं म्हणणंही खोटं ठरेल. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७० रुग्णांना १६ आठवडे थायरॉक्सिन आणि १६ आठवडे हा अर्क दिला गेला. कोणतं औषध कधी चालू आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी ३४ जणांनी अर्काला पसंती दिली, १३ जणांनी थायरॉक्सिनला, २३ जणांना फरक जाणवला नाही. लक्षणांच्या प्रश्नावल्यांमध्ये मात्र सरासरीत फरक दिसला नाही. आमच्याकडे येणाऱ्यांना हे दोन्ही सांगतो, कारण एकच बाजू सांगितली की दुसरी त्यांना कुठेतरी सापडते आणि विश्वास उडतो.

बाईंचा बेत मात्र धोक्याचा होता. १०० मायक्रोग्रॅम चालूच ठेवून वर एक ग्रेन. टी३ चा एक मायक्रोग्रॅम टी४ च्या सुमारे तीन मायक्रोग्रॅमइतका धरतात. म्हणजे ३८ आणि २७ मिळून ६५ ची भर, एकूण मात्रा दीडपटीच्या वर. असं करणाऱ्यांची गोष्ट ठरावीक असते. पहिले दोन-तीन आठवडे स्वर्ग: झोप कमी लागते, कामाचा उरक वाढतो, वजन थोडं उतरतं. मग धडधड, हाताला कंप, रात्री टक्क जागं राहणं, चिडचिड. टी३ तोंडावाटे घेतलं की दोन ते चार तासांत रक्तात शिखर गाठतं आणि दिवसभरात ओसरतं, त्यामुळे दुपारची मरगळ आणखी जाणवते आणि माणूस अजून एक गोळी घेतो. टीएसएच दीर्घकाळ ०.१ च्या खाली राहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. पाळी गेलेल्या बायकांना हाडांचा धोका जास्त.

गर्भधारणा ठरवत असलेल्या किंवा गरोदर स्त्रीने या वाटेला जाऊच नये. पोटातल्या बाळाच्या मेंदूला आईचं टी४ लागतं. हृदयाच्या लयीचा विकार असलेल्यांनीही नाही.

बाईंनी पिशवीतल्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवल्या. त्यासाठी एक वाक्य आधी घोटून घेतलं होतं: "मी या घेतल्या नाहीत, पण घ्यावंसं वाटतंय. उरलेल्या तक्रारीवर मुदतीत बसणारा प्रयोग करता येईल का?" "मी वाचलंय" अशी सुरुवात केली की समोरचा माणूस बचावात जातो, हा अनुभव आहे. सोबत वही आणि तिन्ही रिपोर्ट होते.

डॉक्टरांनी अर्काऐवजी कृत्रिम टी३ ची जोड सुचवली, कारण तिथे दोन्ही हार्मोन वेगवेगळे मोजता येतात. युरोपीय थायरॉइड संघटनेच्या २०१२ च्या मार्गदर्शनात हिशोब सोपा आहे: चालू मात्रेला २० ने भागायचं, तेवढं टी३, त्याच्या तिप्पट टी४ मधून वजा. १०० ला ५ टी३ आणि ८५ टी४, म्हणजे सतरास एक. पाचाची गोळी मिळते तिथे ती अर्धी सकाळी, अर्धी दुपारी. २० किंवा २५ ची गोळी तोडून एवढी लहान मात्रा अचूक मिळत नाही, तिथे हा खेळ करू नये. रक्त नेहमी सकाळच्या गोळीआधी, नाहीतर शिखरावरचं टी३ मोजलं जातं. मुदत तीन महिने. शब्द अडण्याचे गुण निदान दोनने उतरले नाहीत तर बंद, हे आधीच लिहून ठेवलं. या काळात लोह सोडून दुसरं काही नवं सुरू करायचं नाही, आहारही तोच.

पहिल्या तीन आठवड्यांत गुण पाचवरून तीन. सातव्या आठवड्यात पुन्हा पाच. बाराव्या आठवड्यात पाचच, टीएसएच १.४. बाई नाराज झाल्या, पण भांडल्या नाहीत. अट त्यांच्याच अक्षरात होती. टी३ बंद करून पुन्हा १०० टी४. इतर काहींना हीच जोड मानवते आणि ते देखरेखीत ती पुढे चालू ठेवतात. बाईंच्या वहीत मात्र झोपेचा रकाना पूर्ण वेळ वाईट होता. विचारल्यावर कळलं की त्या जोरात घोरतात आणि पहाटे डोकं दुखतं. पुढची तपासणी झोपेतल्या श्वासाची ठरली.

ज्यांनी अशा गोळ्या आधीच सुरू केल्या आहेत त्यांनी भीतीने सगळंच एकदम थांबवू नये; थायरॉइडचं काहीच औषध न घेता राहणं हा वेगळा धोका आहे. नाव, मात्रा, वेळ कागदावर लिहून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. अर्क घेताना टीएसएच ठीक असूनही फ्री टी४ कमी दिसू शकतो. तेवढ्यावरून मात्रा वाढवू नये. 'थायरॉइड सपोर्ट' म्हणून मिळणाऱ्या पूरकांचाही उल्लेख करावा. काहींत न सांगता खरं टी३ घातलेलं आढळलं आहे, काहींत समुद्री शेवाळाचं आयोडीन असतं आणि जास्त आयोडीनने हाशिमोटो बिघडू शकतो. छातीत दुखणं, विश्रांतीतही नाडी सतत १०० च्या वर किंवा अनियमित, चक्कर येऊन पडणं, यांपैकी काही झालं तर भेटीची वेळ ठरवत बसू नये, त्याच दिवशी तातडीच्या विभागात जावं आणि गोळ्यांची बाटली सोबत न्यावी.